सोसायटीतला फ्लॅट लवकर विकायचाय? कागदांच्या फाईलपासून चावी देईपर्यंत काय काय करावं लागतं

महाराष्ट्रात गृहनिर्माण सोसायटीतला रिसेल फ्लॅट विकायला वेळ लागतो तो बहुतेक वेळा गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून नाही. गिऱ्हाईक मिळतं, टोकनही येतं आणि मग सौदा दोन-तीन महिने एका कागदासाठी अडकून पडतो. तेवढ्यात खरेदीदाराचं कर्जमंजुरीचं पत्र कालबाह्य होतं, नाहीतर त्याला दुसरं घर आवडतं. त्यामुळे घाई असेल तर किंमत कमी करण्याआधी फाईल पूर्ण करा. खालचा क्रम विक्रेत्याच्या बाजूने लिहिलेला आहे आणि तो याच क्रमाने करण्यात फायदा आहे.

१. जाहिरात टाकण्याआधी फाईल लावा

एक साधी फाईल घ्या आणि हे कागद मूळ आणि दोन झेरॉक्स अशा तऱ्हेने लावा:

- तुमच्या नावाचा नोंदणीकृत करारनामा, नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा सारांश)
- तुमच्या आधीच्या प्रत्येक मालकाचा करारनामा, बिल्डरच्या पहिल्या करारापासून अखंड साखळी
- सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मागच्या बाजूला तुमच्या नावाची नोंद असलेलं
- भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) आणि मंजूर नकाशाची प्रत
- मालमत्ता कराची चालू वर्षाची पावती, शेवटचं वीजबिल, मेंटेनन्सची पावती
- सगळ्या मालकांचं पॅन आणि आधार
- कर्ज असेल तर कर्ज खात्याचा उतारा आणि बँकेकडे जमा असलेल्या कागदांची यादी

यातल्या तीन गोष्टी हमखास अडवतात.

पहिली म्हणजे साखळी. तुम्ही तिसरे मालक असाल तर पहिल्या आणि दुसऱ्या व्यवहाराचे करारही खरेदीदाराच्या बँकेचा वकील मागतोच. जुन्या इमारतींत आधीचा एखादा करार नोंदवलेलाच नसतो, किंवा त्यावर मुद्रांक शुल्क कमी भरलेलं असतं. १० डिसेंबर १९८५ नंतरच्या करारांच्या बाबतीत हा प्रश्न जास्त गंभीर होतो, कारण तेव्हापासून ताबा देणाऱ्या विक्री करारावर खरेदीखताइतकं शुल्क लागू झालं. असं काही असेल तर वकिलाला आत्ताच दाखवा. मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल, असं तीन पायऱ्यांचं काम आहे. गिऱ्हाईक दारात उभं असताना ते सुरू करू नका.

दुसरी गोष्ट नावं. करारावर 'सुनिता', पॅनवर 'सुनीता', शेअर सर्टिफिकेटवर लग्नाआधीचं आडनाव, हे अगदी नेहमीचं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणि शक्य असेल तर राजपत्रातली नोंद तयार ठेवा.

तिसरी आणि सगळ्यांत चिवट गोष्ट म्हणजे वारसा. मूळ मालक वारलेले असतील आणि सोसायटीने नॉमिनीच्या नावावर शेअर सर्टिफिकेट केलं असेल, तर नॉमिनीला वाटतं आपण मालक झालो. तसं नसतं. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. विक्रीला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, किंवा बाकीच्यांनी आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं लागतं. एखादी बहीण परदेशात असेल तर तिच्या कुलमुखत्यारपत्रासाठीच महिना-दीड महिना धरून चाला. परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं, ही मुदत बरेच जण चुकवतात.

ओसी नसेल तर ते लपवू नका. खरेदीदाराच्या बँकेचा वकील पहिल्याच आठवड्यात ते शोधून काढतो. बाल्कनी आत घेतली असेल किंवा गच्ची बंदिस्त केली असेल तर मूल्यांकन करणारा माणूस मंजूर नकाशा हातात घेऊन येतो, हेही लक्षात असू द्या.

जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल तर सिडकोची हस्तांतरण परवानगी लागते. म्हाडाच्या सोडतीतलं घर असेल तर पाच वर्षं विकता येत नाही. असे फ्लॅट या लेखातल्या साध्या वाटेने जात नाहीत.

२. घरावर कर्ज असेल तर बँकेत आधी जा

बँकेकडून दोन कागद मागा. एक, जमा असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी. बँकेत तिला एलओडी म्हणतात. दोन, फोरक्लोजर लेटर, म्हणजे अमुक तारखेला कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल त्याचं पत्र. यादी लगेच मागून घ्या. फोरक्लोजर लेटर मात्र आत्ता नको, त्याला मुदत असते. खरेदीदाराची कर्जमंजुरी झाली की मागा. पत्रावर रोजचं व्याजही लिहून घ्या: १८ लाख शिल्लक आणि ८.५ टक्के दर असेल तर चेक एक दिवस उशिरा आला की साधारण ४२० रुपये वाढतात, आणि तेवढ्याशा कमी पडलेल्या रकमेपायी खातं बंद होत नाही.

बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. कोणी लावला तर रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायला हवेत आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. पण ३० दिवस म्हणजे पूर्ण महिना! बऱ्याच बँका मूळ कागद शाखेत ठेवत नाहीत, मध्यवर्ती गोदामात ठेवतात. म्हणून कागद शाखेत मागवून ठेवण्याची विनंती लेखी आणि आगाऊ द्या.

स्वतःकडे पैसे असतील तर कर्ज आधीच फेडून कागद हातात घेणं सगळ्यांत वेगवान. नसतील तर खरेदीदाराचा पैसा वापरून फेडायचं, त्याचं गणित पाचव्या पायरीत येतं.

३. किंमत: शेजाऱ्याच्या बोलण्यावर नको

शेजारी सांगतो तो आकडा त्याने मागितलेला असतो, मिळालेला नसतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेवर तुमच्याच इमारतीतले आणि आजूबाजूचे अलीकडचे सूची क्रमांक २ काढा. त्यात 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन वेगळे रकाने असतात. मोबदला म्हणजे करारात लिहिलेली किंमत, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रकाप्रमाणे) निघालेलं मूल्य. क्षेत्रफळाच्या रकान्यात कार्पेट आहे की बिल्ट-अप ते नीट वाचा, नाहीतर प्रति चौरस फूट दर फसवा निघतो. गेल्या वर्षभरातले चार-पाच दस्त पाहिले की आकडा बऱ्यापैकी कळतो. लवकर विकायचं असेल तर त्या पट्ट्याच्या मधोमध किंमत लावा. वर लावून मग दर पंधरा दिवसांनी उतरवत गेलात तर दलाल गिऱ्हाइकांना सांगतात, "थांबा, अजून खाली येईल."

रेडी रेकनर आणखी एका कारणासाठी बघा. तुमची किंमत त्या मूल्यापेक्षा बरीच कमी असेल तर आयकर खातं रेडी रेकनरचं मूल्यच तुमची विक्री किंमत धरतं. १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. सौदा ७० लाखांचा आणि मूल्य ७६ लाख असेल तर हरकत नाही. मूल्य ८० लाख असेल तर तुमचा नफा ८० लाखांवर मोजला जाईल आणि वरच्या १० लाखांवर खरेदीदारालाही कर लागेल. नवे दर साधारणपणे १ एप्रिलला लागू होतात, त्यामुळे मार्चअखेरीस दुय्यम निबंधक कार्यालयात झुंबड असते.

४. घर दाखवणं आणि दलाल

इथे फार सांगण्यासारखं नाही. फोटो सकाळच्या उजेडात, खोल्या रिकाम्या करून काढा. गळती असेल तर रंग मारून झाकू नका, दुरुस्त करा. भाडेकरू असेल तर लिव्ह अँड लायसन्स करारातली नोटीस आत्ताच द्या, कारण बँकेतून येणाऱ्या माणसाला घर दाखवावं लागतं आणि शेवटी रिकामा ताबा द्यावा लागतो. दलाली साधारण एक ते दोन टक्के असते. टक्केवारी, ती कधी द्यायची (नोंदणीच्या दिवशी की पूर्ण पैसे मिळाल्यावर) आणि वर जीएसटी आहे का, हे व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्या.

५. खरेदीदाराला पैशांचा हिशोब विचारा

हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात आणि सौदे इथेच फसतात. "लोन होतंय" हे उत्तर पुरेसं नाही. समजा पुण्यात किंमत ८० लाख ठरली. बँक ८० टक्के, म्हणजे ६४ लाख देणार. उरलेले १६ लाख खरेदीदाराचे. त्यावर मुद्रांक शुल्क आणि उपकर मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार (१ टक्का, पण कमाल ३०,०००). म्हणजे त्याच्याकडे स्वतःचे २१ लाख ९० हजार हवेत, दलाली आणि वकिलाची फी वेगळीच. मुंबईत शुल्क ६ टक्के. खरेदीदार फक्त महिला असेल तर घरावर १ टक्का सवलत आहे. पती-पत्नीच्या संयुक्त नावावर ती मिळत नाही, आणि ऐन वेळी नावं बदलण्याचा घोळ यातूनच होतो. करारावर नक्की कोणाची नावं येणार, ते पहिल्याच बैठकीत विचारा.

आता तुमचं १८ लाखांचं कर्ज यात बसवू:

- टोकन २ लाख, चेक किंवा बँक ट्रान्सफरने
- करारनाम्याच्या दिवशी १३ लाख २० हजार
- टीडीएस (किमतीतून आधीच कापलेला आयकर, १ टक्का) ८० हजार, खरेदीदार तुमच्या पॅनवर भरणार
- खरेदीदाराच्या बँकेचा एक चेक १८ लाखांचा, तुमच्या बँकेतल्या कर्ज खात्याच्या नावाने
- दुसरा चेक ४६ लाखांचा, तुमच्या नावाने

तुमची बँक १८ लाख मिळाल्यावर मूळ कागद खरेदीदाराच्या बँकेला देते आणि काही बँका दुसरा चेक ते कागद हातात पडल्याशिवाय सोडत नाहीत. तुम्ही पुढचं घर घेतलं असेल आणि त्याचा हप्ता या ४६ लाखांवर अवलंबून असेल, तर मध्ये किमान तीन आठवडे मोकळे सोडा.

६. टोकन घेताना

टोकनची पावती एका पानाची असली तरी चालेल. पण त्यात एकूण किंमत, टीडीएस कोण भरणार, नोंदणीची शेवटची तारीख, कर्ज नाकारलं गेलं तर टोकनचं काय, आणि खरेदीदाराने विनाकारण माघार घेतली तर काय, एवढं असावं. कर्जाची अट लिहिली नाही तर भांडण ठरलेलं.

रोख रक्कम घेऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून अधिक रोख आगाऊ घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. 'थोडे वर कॅश देतो' म्हणणाऱ्याचा त्यात काहीच तोटा नसतो.

टोकनच्याच आठवड्यात खरेदीदाराच्या वकिलाला वर्तमानपत्रात जाहीर नोटीस (फ्लॅटवर कोणाचा हक्क असेल तर कळवा, अशी) द्यायला सांगा. तिला साधारण चौदा दिवसांची मुदत असते आणि ती कर्जाच्या प्रक्रियेबरोबर समांतर संपून जाते.

७. सोसायटीचे कागद

आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी लागत नाही, विक्रीच्या इराद्याची पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. हे खरं असलं तरी खरेदीदाराची बँक स्वतःच्या नमुन्यातली एनओसी मागतेच, आणि सचिवाशी कायद्यावर वाद घालून ती लवकर मिळत नाही. म्हणून नोटीस टोकनच्या दिवशीच द्या, पोच घ्या आणि बँकेचा नमुना सोबत जोडा. मेंटेनन्सची थकबाकी आधी शून्य करा. वादातली एखादी रक्कम असेल तर 'हरकत नोंदवून' भरा आणि नंतर भांडा.

हस्तांतरण प्रीमियमची (फ्लॅट नव्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेची) महापालिका क्षेत्रातली कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, त्याशिवाय हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १००. 'डोनेशन', 'विकास निधी' अशा नावाने जास्त मागितलं तर लेखी मागणी द्यायला सांगा. बहुतेक वेळा ती लेखी येतच नाही. प्रीमियम कोण भरणार, खरेदीदार की निम्मा-निम्मा, हे मात्र टोकनच्या पावतीतच ठरवून टाका.

पार्किंगबद्दल एक सावधगिरी. उघडी किंवा स्टिल्टमधली जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. सोसायटीने जागा वाटून दिली असेल तर ते पत्र जोडा आणि करारात तेवढंच लिहा. 'पार्किंगसह विक्री' म्हणून वेगळी किंमत लावू नका.

८. करारनामा आणि नोंदणी

मसुदा साधारणपणे खरेदीदाराचा वकील करतो. तुम्ही त्यातल्या चार गोष्टी डोळ्यांनी तपासा: नावं आणि पॅन क्रमांक, क्षेत्रफळ तुमच्या जुन्या करारातल्यासारखंच आहे का, पैशांचं वेळापत्रक वरच्या गणिताशी जुळतं का, आणि ताबा 'पूर्ण मोबदला मिळाल्यावर' असं लिहिलंय का. 'करारनाम्याच्या दिवशी ताबा' असं वाक्य जुन्या मसुद्यातून चुकून येतं.

कर्जमंजुरीचं पत्र बघितल्याशिवाय नोंदणीला जाऊ नका, मग खरेदीदार कितीही चांगला वाटो. नोंदणीनंतर सौदा मोडला तर फ्लॅट मोकळा करायला रद्दलेख नोंदवावा लागतो आणि त्यावर खरेदीदाराची सही लागते. त्याने फोन उचलणं बंद केलं, तर पुढचं गिऱ्हाईक तुमच्या फ्लॅटला हात लावणार नाही.

मुद्रांक शुल्क ग्रास या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर भरून चलन काढतात, दस्ताची माहिती विभागाच्या संकेतस्थळावर भरून क्रमांक घेतात आणि वेळ आरक्षित करतात. हे काम बहुतेक वेळा वकिलाचा माणूस करतो. त्या दिवशी तुम्ही मूळ पॅन, आधार आणि फोटो घेऊन जायचं. तुम्हाला ओळखणारे दोन साक्षीदार त्यांच्या आधारसह लागतात. फोटो आणि अंगठ्याचे ठसे तिथेच होतात. ज्येष्ठांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून शक्यतो सकाळची वेळ घ्या. सर्व्हर बंद पडणं ही नेहमीची गोष्ट आहे, त्या दिवशीचं विमानाचं तिकीट काढू नका. सही केल्यापासून चार महिन्यांत नोंदणी व्हायला हवी, पुढे दंड लागतो.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. दोन विक्रेते आणि दोन खरेदीदार असतील तर प्रत्येक जोडीचा वेगळा फॉर्म, म्हणजे चार फॉर्म. नवरा-बायको दोघं मालक आणि सगळा टीडीएस एकाच्याच पॅनवर भरला, तर विवरणपत्रात दुसऱ्याचा हिशोब जुळत नाही. तुमचं पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, ते आधीच पाहा. पॅन निष्क्रिय असेल तर खरेदीदारावर २० टक्क्यांनी कापण्याची वेळ येते आणि ते त्याला नोटीस आल्यावर कळतं. विक्रेता अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियमच लागू होत नाही. त्याच्या बाबतीत कपात खूप मोठी असते, म्हणून कमी दराच्या कपातीचं प्रमाणपत्र मिळवायला सीएकडे सौद्याच्या आधी जा.

९. शेवटचा चेक आणि चावी

बँकेचा चेक हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही. तो खात्यात जमा झाल्यावरच ताबा पावतीवर सही करा. त्या दिवशी वीज मीटरचं रीडिंग आणि गॅस मीटर असेल तर त्याचं रीडिंग, दोघांच्या देखत फोटो काढून ताबा पावतीत लिहा. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर त्या तारखेपर्यंत तुमचा. मूळ शेअर सर्टिफिकेट देताना पोच घ्या आणि सोसायटीच्या हस्तांतरण अर्जावर तुमची सही राहिली नाही ना ते बघा. अंतिम खरेदीखत वेगळं करायचं ठरलं असेल तर त्याची नोंदणीही याच आठवड्यात उरका.

१०. विकून झाल्यावर

कर्ज होतं तर बँकेकडून 'नो ड्यूज' पत्र घ्या आणि सरसाईमधला (तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतला) बोजा काढल्याची खात्री करा. खरेदीदाराकडून टीडीएसचं प्रमाणपत्र मागा. महिना संपल्यापासून ३० दिवसांत त्याने तो भरायचा असतो.

घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन आणि कर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनसह (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून) २० टक्क्यांचा पर्यायही आहे. दोन्ही गणितं करून कमी असेल ते घ्या, कारण २००५-०६ च्या आसपास घेतलेल्या घरांत कोणता पर्याय स्वस्त पडेल ते नुसतं बघून सांगता येत नाही. नफा दुसऱ्या घरात घालायचा असेल तर विक्रीपासून दोन वर्षांत खरेदी किंवा तीन वर्षांत बांधकाम. विक्रीच्या आधीच्या एका वर्षात घेतलेलं घरही चालतं. ठराविक सरकारी रोख्यांत घालायचा असेल तर सहा महिने, कमाल ५० लाख, आणि पैसा पाच वर्षं अडकतो.

घर अजून ठरलं नसेल तर विवरणपत्राची शेवटची तारीख येण्याआधी तो पैसा बँकेत कॅपिटल गेन खात्यात ठेवावा लागतो. साध्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत पडलेला पैसा यात धरला जात नाही. हे खातं सगळ्या शाखांत उघडत नाहीत, त्यामुळे कोणत्या शाखेत उघडतात ते जूनमध्येच विचारून ठेवा.